व्यवसायाची चुकीची नोंद करून हप्ता वाढवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

मी डिचोलीत किराणा दुकान चालवतो. टर्म इन्शुरन्सच्या माझ्या अर्जावर तुमची काउंटर ऑफर, म्हणजे बदललेल्या अटींचा प्रस्ताव, आली. वर्षाचा हप्ता १८,४०० रुपयांवरून थेट २५,९०० रुपये केला आहे. कारण एवढेच: ‘व्यवसाय: खाणकाम, धोकादायक’.

खाणीवर माझा टिप्पर होता, मीच चालवायचो. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या. टिप्पर विकून दुकान घातले. तुमच्या एजंटाने दुकानाच्या काउंटरवरच फॉर्म भरला. ‘आधीचे काम’ विचारले तेव्हा टिप्परचे मीच सांगितले. तो म्हणाला, कशाला लिहायचे? मी म्हटले, लिहा. उद्या मी नसताना बायकोला कोणी ‘माहिती लपवली’ म्हणून परत पाठवू नये.

खनिजाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की त्रास उशिराही होतो, हे मला मान्य आहे. त्यासाठी तपासायचे ते तपासा. म्हणूनच तुम्ही सांगितल्याप्रमाणे म्हापशाला जाऊन एक्स-रे काढला, नळीत तीनदा जोर लावून फुंकलो, रक्त दिले. तीन महिन्यांची सरासरी साखर ५.४ आली, छाती साफ आहे असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. या अहवालांवरून जादा हप्ता लावला असता तर मी तो समजून घेतला असता. पण पत्रात अहवालाचा एक शब्द नाही. आठ वर्षांपूर्वी सुटलेले काम मात्र आजचे म्हणून नोंदले आहे. फोन केला तर उत्तर मिळाले, ‘सिस्टीमने काढले आहे’.

मला पैशांपेक्षा या नोंदीची काळजी जास्त आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिली तीन वर्षे चुकीच्या माहितीवरून पॉलिसीवर बोट ठेवता येते. चूक तुमची आणि भोगायचे माझ्या मुलांनी, असे व्हायला नको.

तेव्हा व्यवसायाची नोंद दुरुस्त करून जोखीम नव्याने तपासावी. तरीही लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, राहणार असेल तर नेमके कोणत्या अहवालावरून, ते लेखी कळवावे. माझ्या तपासण्यांच्या प्रती द्याव्यात. दोन आठवड्यांत उत्तर न आल्यास मी विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवीन, आणि गरज पडल्यास विमा लोकपालांकडे जाईन.

काउंटर ऑफरवर मी सही केलेली नाही. दुकानाचा परवाना आणि भरलेल्या फॉर्मची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
अर्जदार, डिचोली, गोवा