दीड कोटीतला आपला वाटा

पर्वरी,
११ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी सांगितले की म्हापशाचा एक दलाल दोनदा घरी येऊन गेला, कोरगावचे आपले घर आणि मागचे भाट, म्हणजे काजूची बाग, मिळून दीड कोटी देणारे दिल्लीचे गिऱ्हाईक आपल्या हातात आहे असे म्हणाला, आणि पाडव्याआधी टोकन घेऊन टाका असा त्याचा आग्रह आहे. त्यावर मी गप्प राहिले, आणि मागून आईचा आवाज ऐकू आला की "बायला हे पटायचं नाही." आई, तुझा अंदाज अर्धाच बरोबर आहे. घर विकण्याला माझा विरोध नाही. बाबांच्या गुडघ्यांना त्या तीन पायऱ्याही आता जड झाल्या आहेत, कौले परतायला मे महिन्यात माणूस मिळत नाही आणि मिळालाच तर जितकी बसवतो तितकीच फोडतो. गेल्या श्रावणात माजघरात तुम्ही चार टोपे आणि एक बालदी मांडून झोपला होता, हे मी विसरलेले नाही. माझी हरकत आहे ती विकण्याच्या रीतीला, आणि त्याहून अधिक त्या दीड कोटी या आकड्याला, कारण तो आकडा आपला नाही.

आधी बाजाराचे सांगते. बँकेच्या कर्ज विभागात बसून रोज जे कागद माझ्या टेबलावरून जातात, त्यावरून एवढे नक्की दिसते की २०२० च्या टाळेबंदीनंतर दिल्ली, मुंबई, बंगळूरच्या लोकांनी आधी आसगाव, हणजूण, शिवोली धरली, तिथले दर आवाक्याबाहेर गेल्यावर ते हळदोणा, मयड्याकडे वळले, आणि जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्याची विचारपूस वाढली. पण विचारपूस वाढणे आणि भाव मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोरजी-मांद्रेच्या समुद्राकाठचा दर तोंडावर फेकून दलाल कोरगावच्या घराची किंमत सांगतो, आणि आपण खूश होतो. खरा दर कळायचा असेल तर गेल्या दोन वर्षांत आपल्याच गावात किती सेल डीड झाले आणि प्रत्यक्ष कितीला झाले, हे पेडण्याच्या सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयातून काढावे लागते. तिथे आकडा कमी दिसला तरी तो कुणीतरी खरोखर मोजलेला असतो.

शिवाय त्या दलालाने सगळ्या जागेला एकच दर लावला आहे, असे बाबांच्या बोलण्यावरून वाटले. आपले घर आणि अंगण ज्या भागात आहे तो सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे वस्तीच्या भागात येतो, पण मागचा काजूचा उतार प्रादेशिक आराखड्यात बागायत म्हणून दाखवलेला आहे, आणि बागायतीत सेटलमेंटसारखे बांधकाम करता येत नाही. मधल्या काळात नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली झोन बदलून मिळेल या आशेवर लोकांनी बागायतीलाही सेटलमेंटचा भाव दिला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले, तेव्हापासून जाणते खरेदीदार आधी झोनिंगचा दाखला मागतात. तुमचे दिल्लीचे गिऱ्हाईकही एक दिवस वकील घेऊन येईल, आणि त्या दिवशी दीड कोटीतून भाटाचा भाव खाली येईल. तोवर तुम्ही टोकन घेतलेले असेल आणि मन निम्मे नव्या फ्लॅटमध्ये गेलेले असेल, म्हणजे घासाघीस करायला तुमच्याकडे काहीच उरणार नाही.

आता मुख्य गोष्ट. हे घर कोणाचे? आपण सगळे 'बाबांचे घर' म्हणतो, कारण गेली तीस वर्षे घरपट्टी बाबा भरतात आणि पावसाळ्याआधीची डागडुजीही बाबाच करतात. चवथीला मी पत्र्याची पेटी उघडली होती, आठवते? गणपतीवरच्या माटोळीची लाकडे उतरवताना ती फळीवरून खाली आली, म्हणून उघडली. आत पिवळ्या फडक्यात आजोबांचा पोर्तुगीज दस्त होता, त्यावर मोहोर होती, आणि खाली एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा होता. त्या उताऱ्यावर कब्जेदाराच्या रकान्यात अजूनही आजोबांचेच नाव आहे. आजोबा १९९४ मध्ये गेले, आजी २००९ मध्ये गेली, आणि त्यानंतर ना वारस ठरवणारे सक्सेशन डीड झाले ना वाटणीची इन्व्हेंटरी झाली. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची रीत आजही चालते, आणि २०१२ चा गोवा वारसा कायदाही त्याच पायावर उभा आहे: सर्व मुलामुलींना सारखा वाटा, आणि लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायको दोघांचीही मालमत्ता सामाईक. म्हणजे आपल्या घराचे तीन वाटे आहेत: बाबांचा, डोंबिवलीच्या काकांचा आणि डिचोलीच्या आत्येचा. प्रत्येक वाट्यात जोडीदार अर्ध्याचा धनी आहे. सेल डीडवर बाबा, आई, काका, काकी, आत्या आणि तिचे यजमान अशा सहा सह्या लागतील. एक कमी पडली तर व्यवहार अडेल.

मग त्या दीड कोटीचे काय होते ते पाहा. आपल्या वाट्याला ५० लाख येतात. त्यात म्हापशात लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट बसतो का, हे बाबांनी स्वतः दोन ठिकाणी विचारून पाहावे, आणि त्यानंतरच घर विकायचे की नाही हे बोलावे. दलालाने दीड कोटी म्हटले तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे दीड कोटी आले, यात तुमचा दोष नाही. त्याला सहा सह्या लागतात हे माहीत आहे. त्याने ते सांगितले नाही, एवढेच.

माझ्या सासरी हे घडून गेले आहे. माझ्या सासऱ्यांनी एका प्लॉटचे टोकन घेतले, त्या पैशांतून दुसरीकडे आगाऊ रक्कम दिली, आणि मग कळले की मस्कतला असलेल्या नणंदेच्या नवऱ्याची सही लागते, आणि तो घरच्यांशी बोलत नाही. सही मिळेपर्यंत अडीच वर्षे गेली, खरेदीदार निघून गेला, त्याने टोकन परत मागितले, आणि दुसरीकडे दिलेली रक्कम बुडाली. सासरे त्याबद्दल आजही बोलत नाहीत. तुमच्याकडून तशी शांतता मला ऐकायची नाही.

काका आणि आत्येला तुम्ही अजून सांगितले नाही, हे मला बरोबर वाटले नाही. दोघेही दर चवथीला याच घरी येतात, गणपती याच घरात बसतो. घर गेले तर गणपती कोणाकडे जाणार हा प्रश्न पैशांआधी येईल, आणि तो दलालाच्या तोंडून कळण्यापेक्षा बाबांच्या तोंडून कळलेला बरा. आणखी एक गोष्ट: एका भागीदाराने आपला अविभक्त वाटा बाहेरच्याला विकायचा ठरवला तर इतर भागीदारांना त्याच भावाने तो आधी घेण्याचा हक्क आपल्या कायद्यात आहे. काकांच्या मुलाला मोपाजवळ काम मिळाल्याचे ऐकते. कदाचित गिऱ्हाईक दिल्लीत शोधण्याची गरजच पडणार नाही. उद्या हेच घर मला किंवा दादाला देण्याचा विचार तुमच्या मनात आला तर तेही परस्पर होत नाही, आई-बापांनी एका मुलाला विकायचे तर दुसऱ्या मुलाची संमती लागते, आणि मला वाटते ही रीत शहाणपणाची आहे.

भाटाच्या कोपऱ्यातल्या घराचेही बोलले पाहिजे. आजोबांनी त्या कुटुंबाला राहायला दिले, ते मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारे, आहेत हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना ते घर आणि पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंतची जागा मामलेदाराकडे अर्ज करून विकत घेण्याचा हक्क आहे. दलाल म्हणाला की 'त्यांचे आम्ही बघून घेऊ'. हे वाक्य मला अजिबात आवडले नाही. त्यांची जागा मोजून, सन्मानाने वेगळी करून देऊन मग उरलेली विकली तर खरेदीदारालाही बरे, आणि आई, तुझ्या बाळंतपणात ज्या बाईने तुला पेज आणून दिली तिच्या दारात पोलीस उभे राहणार नाहीत.

कराचा भाग थोडा किचकट आहे, पण बाबांना आकडेमोड आवडते म्हणून लिहिते. १ एप्रिलपासून नवा आयकर कायदा लागू होतो आहे, कलमांचे क्रमांक बदलतील, म्हणून क्रमांक लिहीत नाही. जुनी मालमत्ता असली की १ एप्रिल २००१ चा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो, मात्र त्या दिवशीच्या सरकारी मूल्याच्या वर जाता येत नाही. २३ जुलै २०२४ आधी हाती आलेल्या घरा-जमिनीसाठी दोन वाटा खुल्या आहेत: महागाईचा हिशोब न करता नफ्यावर १२.५ टक्के, किंवा मूळ किंमत महागाईप्रमाणे वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्के. २००१ चा निर्देशांक १०० धरला तर २०२५-२६ चा ३७६ आहे. समजा आपल्या ५० लाखांच्या वाट्याची २००१ ची किंमत ३ लाख ठरली. तर पहिल्या वाटेने ४७ लाखांवर सुमारे ५ लाख ८७ हजार कर होतो, दुसऱ्या वाटेने ७ लाख ७४ हजार. पण तीच किंमत ८ लाख ठरली तर दुसऱ्या वाटेने मूळ किंमत ३० लाख ८ हजार होते आणि कर जेमतेम ३ लाख ९८ हजार बसतो (वरचा सेस सोडून). मान्यताप्राप्त मूल्यांककाचा एक अहवाल आपले जवळजवळ दोन लाख वाचवू शकतो, म्हणून तो आधी करून घ्यावा. आणि दोन वर्षांच्या आत नफ्याचे पैसे दुसऱ्या राहत्या घरात घातले, तर घराच्या नफ्यावर तितकी सूट मिळते. भाटाचा हिशोब वेगळा पडतो, तो सी.ए. करून देईल. गोव्याच्या पती-पत्नींचे असे उत्पन्न आयकरात दोघांत अर्धे-अर्धे धरले जाते, त्यामुळे आई, तुझेही विवरणपत्र भरावे लागेल. तुझे पॅन कार्ड देवघराच्या खणात आहे, ते काढून ठेव.

रोखीबद्दल एकच सांगते. दलालाने 'थोडे वरचे वर' घेण्याचे सुचवले असेल, आणि ते सुचवतातच. जागेच्या व्यवहारात २०,००० रुपयांपासून पुढची रोख घेतली तर जितकी घेतली तितकाच दंड होऊ शकतो, आणि वरचे पैसे कागदावर नसल्याने फ्लॅट घेताना दाखवताही येत नाहीत. मुखत्यारपत्र कोणाच्याही नावे करू नये, एका दिवसासाठीही नाही.

कागद आधी नीट केले तर भाव वाढतो, हे माझे रोजचे पाहणे आहे. वारसांची इन्व्हेंटरी झालेली नसेल तर आमचे वकील शेरा मारतात, कर्ज नामंजूर होते, आणि मग असे घर फक्त रोख पैसेवाला घेऊ शकतो, जो आपल्या अडचणीचा अंदाज घेऊनच भाव पाडतो. कागद स्वच्छ असले की कर्ज काढणारा साधा नोकरदारही रांगेत उभा राहतो. इन्व्हेंटरीला वेळ लागेल, कदाचित वर्षही लागेल, पण मोपाचा विमानतळ वर्षभरात कुठे जात नाही.

तेव्हा दलालाला कळवावे की चवथीनंतर बोलू, आणि काकांना आजच फोन करावा. पुढच्या शनिवारी सकाळच्या कदंबा बसने मी येते, रजा टाकली आहे. पेटीतले सगळे कागद माजघरात पसरून ठेवावेत, मी त्यांची यादी करीन आणि सोमवारी पेडण्याच्या वकिलांना दाखवून आणीन. बाबांच्या गुडघ्याचे तेल आणते.

आपली,
बाय

ता. क. – दलालाने एक-चौदाची झेरॉक्स मागितली तर खुशाल द्या, तो उतारा कोणीही ऑनलाइन काढू शकतो. पिवळ्या फडक्यातल्या पोर्तुगीज दस्ताचा मात्र त्याला फोटोही काढू देऊ नये. जुन्या दस्तांच्या बनावट नकला करून जमिनी लाटल्याच्या प्रकरणांसाठी २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले होते, आणि तो दस्त आपल्याकडे एकच आहे.