घर घ्यावे की तारणावर कर्ज द्यावे

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

हाती आलेल्या रकमेतून भाड्याने देण्याजोगे घर घ्यावे, की ती रक्कम दुसऱ्याच्या घराच्या तारणावर व्याजाने द्यावी, असे तू विचारले आहेस. भाडेकरूंची कटकट नको म्हणून तुझा कल कर्ज देण्याकडे दिसतो. रात्री नळ गळतो म्हणून फोन आलेला कोणालाच आवडत नाही, हे मान्य. पण कर्ज देणाऱ्यालाही कटकट चुकत नाही, फक्त त्याने ती पैसे हातचे सोडण्याआधीच उरकायची असते.

घराचा हिशेब तुला ठाऊक आहे. वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले की भाड्याचे ८ टक्क्यांहून अधिक उत्पन्न जाते, आणि उरलेल्यातून कर, विमा व दुरुस्ती भागवावी लागते. मात्र भाडे आणि घराची किंमत वर्षानुवर्षे वाढू शकते. कर्जात तुला ठरलेले व्याज आणि मुद्दल एवढेच मिळणार. मालमत्तेचा भाव दुप्पट झाला तरी तो नफा कर्जदाराचा. महागाई ६ टक्के राहिली तर सुमारे १२ वर्षांत त्या मुद्दलाची खरेदीशक्ती निम्मी होते. शिवाय पैसाही घरासारखाच रिकामा बसतो: १० टक्क्यांनी वर्षभरासाठी दिलेले कर्ज फिटल्यावर नवा कर्जदार मिळेपर्यंत दोन महिने गेले, तर वार्षिक उत्पन्न साडेआठ टक्क्यांच्या आसपासच पडते.

खरी पारख तारणाची आहे. समज, मालमत्तेची किंमत १०० आहे आणि तू तिच्यावर ६५ दिलेस. कर्जदार थकला, भाव २० टक्क्यांनी उतरला आणि विक्री होईपर्यंत दोन वर्षे गेली. हाती येतील ८०. त्यातून ६५ मुद्दल आणि १० टक्के सरळ व्याजाने १३ वजा जाता २ उरतात, म्हणजे वकिलाचा आणि विक्रीचा खर्च जेमतेम निघेल किंवा निघणारही नाही. याच घरावर ८० दिले असतेस, तर व्याज सोडूनच द्यावे लागले असते. त्यात तुझा बोजा, म्हणजे त्या घरातून कर्ज वसूल करण्याचा हक्क, दुसऱ्या क्रमांकाचा असेल, तर पहिल्या सावकाराची पै न् पै फिटल्यावर जे उरेल तेच तुझे. म्हणून जे घर कर्जाच्या रकमेला स्वतः विकत घ्यायला तू राजी नाहीस, त्यावर कर्ज देऊ नकोस. कर्जदार थकला तर ते तुझ्याच गळ्यात पडण्याची शक्यता असते.

तुझी नोकरी स्थिर आहे, पुढे बरीच वर्षे आहेत आणि या रकमेच्या मासिक उत्पन्नावर तुझे घर चालायचे नाही. म्हणून मोठा भाग घरात घालावा आणि कर्ज द्यायचेच असेल तर लहान रकमेचे, अल्पमुदतीचे व पहिल्या बोजाचेच द्यावे, असे माझे मत आहे. निवृत्तांचा हिशेब वेगळा असतो. त्यांना दरमहा ठरावीक रक्कम लागते आणि घराच्या दुरुस्तीमागे धावणे झेपत नाही.

ज्या कर्जाचा प्रस्ताव तुझ्याकडे आला आहे, त्याचे मूल्यांकन कोणी केले ते कळव. कर्जदाराने आणलेल्या मूल्यांककावर विसंबू नकोस, मालकीहक्काचा शोध आपल्या वकिलाकडून घे, आणि नियमित कर्ज देण्यासाठी तुझ्याकडे परवाना लागतो का, हेही त्यांनाच विचार. गहाणखताची नोंदणी होण्यापूर्वी पैसे पाठवू नकोस.

तुझे बाबा