बारीक वाळू अजून तळ्यातच जाते, त्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय: सँड रिकव्हरी युनिटमधून बारीक वाळू वाया जात असल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचे युनिट आमच्या वॉशिंग प्लांटवर बसून चार महिने झाले. ते घेण्यामागे हेतू एकच होता. स्क्रू वॉशरच्या पाण्याबरोबर वाहून जाणारी, १५० मायक्रॉनच्या (०.१५ मिलिमीटर) आसपासची वाळू हाती लागावी आणि गाळाचे तळे सारखे उपसावे लागू नये. तळे आजही पूर्वीइतक्याच लवकर भरते.

आपले इंजिनिअर तळ्याच्या काठावरूनच म्हणाले, "ही वाळू नाही, माती आहे." म्हणून युनिटमधल्या सायक्लोनच्या (पाणी गरगर फिरवून वाळू खाली आणि पाणी वर काढणाऱ्या शंकूच्या) वरच्या पाइपातून निघणारे पाणी मी काचेच्या बरणीत धरले. मिनिटभरात तळाशी राखाडी थर बसला. वरचे पाणी मात्र संध्याकाळपर्यंत गढूळच होते. माती एवढ्या घाईने खाली बसत नाही. तो थर चिमटीत चोळला की करकरतो. बरणी अजून ऑफिसात ठेवली आहे, केव्हाही येऊन पाहावी.

मूळ दुखणे चाचणीच्या दिवसाचे आहे. सायक्लोनखालच्या स्क्रीनवरची (पाणी निथळवणाऱ्या चाळणीवरची) वाळू ओली दिसते म्हणून आपल्या माणसांनी सायक्लोनच्या खालचा स्पिगॉट (वाळू बाहेर पडते ते तोंड) काढून लहान तोंडाचा बसवला. वाळू लगेच कोरडी दिसू लागली, आम्हीही खूश होऊन सही केली. (ती घाई आमची, हे कबूल.) पण खालून पडणारी धार छत्रीसारखी फाकायला हवी, ती तेव्हापासून दोरासारखी सरळ पडते. म्हणजे खालचे तोंड तुंबले आहे आणि मावत नाही ती वाळू वरच्या पाइपाने बाहेर जाते.

दुसरी गोष्ट संपची, म्हणजे पंप जिथून वाळूचे पाणी ओढतो त्या टाकीची. त्यात पाण्याची पातळी राखणारा फ्लोट बसवलेलाच नाही. फीड (आत येणारे वाळूचे पाणी) जरा कमी झाले की पंप हवा ओढतो आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा नाचू लागतो. स्क्रीनच्या फटी अर्ध्या मिलिमीटरच्या. त्याहून बारीक वाळू तिथे टिकते ती आधी बसलेल्या थराच्या जोरावर, आणि पंपाने गचके दिले की तो थरच मोडतो. आपण याला "ऑपरेटरची चूक" म्हणता. ऑपरेटरने काय संपात बादलीने पाणी ओतत बसायचे?

ऑर्डरपूर्वी फीडचा चाळणी अहवाल आणि ताशी पाण्याचे प्रमाण आम्ही लेखी दिले होते. तेव्हा योग्य मापाचा स्पिगॉट आणि फ्लोटसह, संपात पाणी परत आणणारा पाइप आपल्या खर्चाने बसवून द्यावा. त्यानंतर वरच्या पाइपातल्या पाण्याचा नमुना दोघांसमोर घेऊन ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवावा. वर किती वाळू उरते ते दोघेही पाहू. तोपर्यंत पंपाच्या रबर लायनरचे (आतल्या अस्तराचे) बिल आम्ही भरणार नाही.

येताना माप घेणारा माणूस पाठवा, नुसता विक्री प्रतिनिधी नको.

आपला,
प्लांट मालक

सोबत: चाळणी अहवालाची प्रत, धारेचे आणि बरणीचे फोटो