मा. आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: पोट मऊ लागलं म्हणून पेशंट घरी पाठवू नका

मंत्रीसाहेब, नमस्कार.

विषय आमच्या अण्णांच्या पोटदुखीचा आहे. रात्री साडेनऊला जेवून उठले आणि तिथेच खाली बसले, उशी पोटाशी आवळून नुसते कण्हत होते, आणि अण्णा म्हणजे बैलाने पाय तुडवला तेव्हासुद्धा हूं की चूं न केलेला माणूस. तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरांनी पोट दाबलं, म्हणाले मऊ आहे, गॅस असेल, अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं.

साहेब, गोम तिथेच आहे. लहान आतड्याला रक्त नेणाऱ्या धमनीत गुठळी अडकली की सुरुवातीला पोट मऊच लागतं, दुखणं मात्र जीव जाईल असं. हे आम्हाला नंतर सर्जननी सांगितलं. अण्णांच्या हार्टचे ठोके अनियमित होते, गुठळी तिथूनच सुटली. नुसती नाडी धरली असती तरी शंका आली असती, आणि ईसीजीचं मशीन तर तालुक्यालाही होतं, वर चादर टाकून ठेवलेलं.

पहाटे हिरव्या उलट्या, पोट नगाऱ्यासारखं, वारासुद्धा सरेना. १०८ वेळेवर आली, त्याबद्दल खरंच आभार. जिल्ह्याला एक्स-रे बघून ‘आतड्यात अडथळा’ लिहिलं, नाकातून नळी घातली, सलाईन लावलं. अडथळा होताच हो, पण गाठ नाही की पीळ नाही, रक्तच मिळत नव्हतं म्हणून आतडं हलायचं थांबलं होतं. ते कळतं सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध सोडून रक्तवाहिन्यांचा सीटी काढतात त्यात. मशीन होतं, चालवणारा सकाळी दहाला येणार होता. रक्त पूर्ण तुटलं की साधारण सहा तासांत आतडं मरायला लागतं, साडेनऊपासून तुम्हीच मोजा.

काळं पडलेलं कापून टाकलं, दीड मीटर उरलं. आता अण्णा जेवतात पण अंगी लागत नाही, दिवसातून सात-आठ वेळा संडास, धोतर सोडून लुंगी लावलीय.

महात्मा फुले योजनेची मर्यादा पाच लाख केलीत, चांगलंच झालं, पण ते पैसे आतडं कापायच्या वेळी कामाला येतात, आम्हाला त्याच्या आधीचं पाहिजे. जिल्ह्याला रात्रीचं सीटी कॉन्ट्रास्टसकट चालू ठेवा, आणि तालुक्याच्या प्रत्येक कॅज्युअल्टीत एक कागद चिकटवा: वयस्कर पेशंट, नाडी वाकडीतिकडी, पोट मऊ पण दुखणं भयंकर, तर गॅस म्हणू नका, लगेच पुढे पाठवा. छपाईला बजेट नसेल तर झेरॉक्स मी काढून देतो.

आपला,
अण्णांचा थोरला