राजारामपुरीतल्या त्या ताईंना

गेल्या मंगळवारी डोळे दाखवायला एकटीच गेले होते. मुलगा पुण्यात, हे गेल्यापासून सगळीकडे एकटीच जाते. साखरेमुळे पडद्याची तपासणी होती. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास जवळचं अक्षर लागत नाही, हे ठाऊक होतं. पण डॉक्टर "पडद्याला सूज आहे, डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल" म्हणाले आणि पुढचं काही कानात शिरलंच नाही. सोबत कुणी असतं तर त्यानं तरी ऐकलं असतं. बाहेर येऊन कागद डोळ्यांपुढं धरून बसले. हात थरथरत होते.

"मावशी, एकट्याच आलायसा व्हय?" शेजारच्या ताईंनी विचारलं. त्या सासूबाईंना घेऊन आल्या होत्या. आपला नंबर मागं ठेवून त्या माझ्याबरोबर आत आल्या, डॉक्टरांना सगळं परत विचारलं आणि पिशवीतल्या वाणसामानाच्या यादीमागं ठळक अक्षरांत लिहून दिलं: कुठला डोळा, कुठली तारीख, आदल्या दिवशी साखर तपासायची. मग हाताला धरून रिक्षात बसवलं.

ताई, नाव विचारायचं राहिलं. तुमची यादी माझ्याकडंच आहे, शेंगदाणे अर्धा किलो, गूळ, काडेपेटी. परवा पहिलं इंजेक्शन झालं. मनापासून आभार.