आजीला हे मोठ्याने वाचून दाखवा

वाक्वा, मॉरिशस
16 मार्च 2025

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी अगदी मजेत आहे. वादळाच्या बातम्या बघून तुम्ही घाबरलात, पण खरा तडाखा शेजारच्या रियुनियन बेटाला बसला. आमच्याकडे पाऊस, वारा आणि दोन दिवस घरात बसणं, एवढंच. घर सिमेंटचं आहे, खिडक्या पक्क्या आहेत. आणि मी एकटी राहत नाही. खाली घरमालकीण आजी आहेत, रात्री मी आल्याचा आवाज ऐकल्याशिवाय त्या दिवा मालवत नाहीत.

आई, आता त्या फोटोबद्दल, ज्यात ऑफिसातला एक माणूस माझ्या गालाला गाल लावतोय. इथे सकाळी ऑफिसात गेलं की प्रत्येकाला जवळ जाऊन भेटायचं असतं. नुसतं लांबून गुड मॉर्निंग केलं तर माणूस रागावलाय असं समजतात. भेटायचं म्हणजे गालाला गाल लावायचा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. ओठ टेकत नाहीत, नुसता आवाज होतो. बायका सगळ्यांना असंच भेटतात, पुरुष एकमेकांशी हात मिळवतात. निघतानाही पुन्हा तेच. साहेब असो, झाडणारी बाई असो, कुणाला वगळायचं नाही. फोटोतला तो माणूस आमच्या हिशेब विभागातला आहे, त्याला दोन नातवंडं आहेत. काकूलाही हे नीट सांग, म्हणजे वाडीभर वेगळं काही पसरणार नाही.

बुधवारी, 12 मार्चला, इथला स्वातंत्र्यदिन होता. सुट्टी होती म्हणून दुपारभर आजींकडे बसले. त्या 76 वर्षांच्या आहेत. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात मजुरीला आणलेले. आमचं बोलणं हिंदीत, मधेमधे मराठी, अडलं की क्रिओल, म्हणजे इथली बोली. आरत्या मात्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. त्यांनी जे सांगितलं ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

1968 साली याच दिवशी भर दुपारी बारा वाजता पोर्ट लुईच्या शाँ द मार्स मैदानावर इंग्रजांचं निशाण उतरलं आणि लाल, निळा, पिवळा, हिरवा असा चार पट्ट्यांचा झेंडा चढला. मला वाटायचं, त्या दिवशी सगळा देश नाचला असेल. तसं नव्हतं. आदल्या ऑगस्टच्या निवडणुकीत शंभरातल्या जवळजवळ 44 जणांनी स्वातंत्र्याला विरोध असलेल्या पक्षाला मत दिलं होतं. जानेवारीत पोर्ट लुईत दंगल पेटली, इंग्रजांची फौज बोलवावी लागली. समारंभाला राजकन्या अलेक्झांड्रा येणार होत्या, त्यांचं येणं रद्द झालं.

आजींचे वडील इथल्याच ब्रिटिश नौदलाच्या वायरलेस केंद्रात माळी होते. मत त्यांनी स्वातंत्र्य मागणाऱ्या रामगुलाम यांच्या बाजूलाच दिलं, पण रात्री झोप नाही. गोरे गेले तर पगार कोण देणार? (केंद्र पुढे सत्तरच्या दशकातही चालू राहिलं, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं!) आजींची आई उसाच्या शेतात. ऊसतोड जूनला सुरू होते, म्हणजे मार्च हा हात रिकामे असण्याचा महिना. तेव्हा घर चालायचं चिनी दुकानदाराच्या उधारीवर. दोन वह्या असायच्या, एक त्याच्याकडे आणि एक आपल्याकडे. घेतलेला माल दोन्हीत लिहायचा आणि हंगामात फेडायचा.

आजींनी ती वही बिस्किटांच्या डब्यातून काढून माझ्या हातात दिली. पानं पिवळी पडलीत, कडा वाळवीने खाल्ल्यात, अक्षर निळ्या पेन्सिलीचं, फ्रेंचमध्ये. 11 मार्च 1968. तांदूळ, मसूर, तेल, राकेल, मेणबत्त्या आणि शेवटी लाल रिबन. मेणबत्त्या आणि जादा तांदूळ वडिलांनी आणले, पुन्हा दंगल झाली तर आठ दिवस बाहेर पडायला नको म्हणून. रिबन आईने घेतली, मुलीच्या वेणीला, उद्या झेंडा चढणार म्हणून. एकाच पानावर दोघांचं मन लिहिलेलं आहे. मी किती तरी वेळ ते पान बघत होते.

शेजारी एक क्रिओल, म्हणजे आफ्रिकी-मिश्र वंशाचं, कुटुंब होतं, त्यांची मुलगी आजींची जिवाची मैत्रीण. नव्या राज्यात आपलं काय होईल, या धास्तीने तेव्हा अशी बरीच घरं ऑस्ट्रेलियाला गेली, तसे तेही गेले. जाताना सामान विकलं. मी वर ज्या टेबलावर जेवते ते त्यांचं. मैत्रिणीची आई शिवणकाम करायची, तिच्या इस्त्रीचा काळा डाग अजून त्यावर आहे. आजी म्हणाल्या, स्वातंत्र्य हवंच होतं, आजही हवंच म्हणेन, पण तिने जायला नको होतं.

घर सिमेंटचं का तेही त्यांनीच सांगितलं. 1960 च्या फेब्रुवारीत कॅरोल नावाचं वादळ आलं, गवताची घरं उडून गेली. त्यानंतर लोकांनी सिमेंट धरलं. झेंडा बदलला त्या वर्षीही यांची एकच खोली पक्की होती, बाकी पत्रे.

दादा, आता तुझं काम. आपल्या आजीसमोर फोन ठेव आणि विचार. 1947 च्या 15 ऑगस्टला, त्या शुक्रवारी, घरात काय शिजलं होतं? रेशनवर कोणतं धान्य मिळायचं? देवरुखात झेंडा कुणी लावला? घरात कुणाला भीती वाटत होती का? ती नऊ वर्षांची होती, तिला आठवत असणार. घाई करू नकोस, ती दमली की थांब, दुसऱ्या दिवशी विचार. पण या महिन्यातच विचार.

पैसे पाठवलेत, सोमवार-मंगळवारी जमा होतील. ते बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आहेत, कौलांसाठी नाहीत. कौलांचे मी मे महिन्यात पाठवते. बाबा, ओढाताण होत नाहीये माझी, खरंच.

दादाच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. रजा मागितली होती, मिळाली नाही. वहिनीसाठी साडी पाठवतेय, तिला आवडली नाही तर मोकळेपणाने सांगा. गणपतीतही जमेलसं दिसत नाही. इथे चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, आजींकडे गणपती बसतो, तेव्हा मी उपाशी किंवा एकटी राहीन असं मनात आणू नका. लग्नाला मात्र पंधरा दिवस आधी येते, तिकीट काढून ठेवलंय.

आणि ते कोल्हापूरचं स्थळ. पत्रिका जुळली म्हणून शब्द देऊन बसू नका. मी नाही म्हणत नाहीये. मुलाचा नंबर द्या, मी आधी त्याच्याशी बोलते. नोकरी सोडून लगेच परत यायची अट असेल तर ती आत्ताच कळू दे.

आजीला साष्टांग नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. : बाबा, थेंब घालताना चष्मा काढून झोपून घाला, बसून नको. आई लक्ष ठेव.