जाहिरातीत लिहायचं एक, मुलाखतीत विचारायचं भलतंच

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मुलं संशोधनाकडे वळत नाहीत असा कालच्या लेखाचा सूर होता, तो वाचल्यापासून डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. वळतो हो आम्ही, पण दारातूनच परत पाठवतात त्याचं काय?

माझं एमएस्सी बायोटेक झालंय, नंतर दीड वर्ष एका प्रोजेक्टवर सेल कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं काम केलं. मागच्या महिन्यात पुण्यातल्या एका नावाजलेल्या संस्थेत प्रोजेक्ट असोसिएटची (प्रोजेक्टपुरत्या संशोधन सहायकाची) वॉक-इन, म्हणजे आधी अर्ज न मागवता थेट मुलाखत होती, जागा एकच. जाहिरातीत एमएस्सी आवश्यक, सेल कल्चर आणि वेस्टर्न ब्लॉटचा (प्रथिनं ओळखायच्या चाचणीचा) अनुभव असेल तर प्राधान्य एवढंच होतं, नेट या पात्रता परीक्षेचा शब्दही नव्हता. लातूरहून रात्रीच्या एसटीने निघाले, वाकडेवाडीला उतरून स्टँडवरच ड्रेस बदलला आणि साडेआठला गेटवर हजर. साठ-सत्तर जण तरी आलेले. एक मुलगी चार महिन्यांचं बाळ घेऊन आली होती, तिच्या सासूबाई दिवसभर बाहेर झाडाखाली त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझा नंबर सव्वाचारला लागला. पहिला प्रश्न, नेट झालंय का? नाही सर. मग आम्ही नेटवाल्यांनाच घेतोय. झालं, दोन मिनिटांत बाहेर. ब्लॉटचे सगळे बँड्स, म्हणजे निकालाचे पट्टे, प्रिंट काढून फाइलला लावून नेले होते, ती फाइल कुणी उघडलीसुद्धा नाही. हेच सकाळी नऊला कागद तपासताना सांगता आलं नसतं का? जायचं-यायचं भाडं तर मिळत नाहीच, ते जाहिरातीत आधीच लिहिलेलं असतं.

आणि नेटचं म्हणाल तर २०२४ ला मी सीएसआयआरच्या, म्हणजे विज्ञान विषयांच्या नेटला बसणार होते, परीक्षा २५ जूनपासून आणि २१ ला जाहीर केलं की पुढे ढकलली. ती झाली थेट जुलैच्या शेवटी, मधल्या काळात माझं प्रोजेक्ट संपलं, पुण्यातली रूम सोडून घरी यावं लागलं, त्यात अभ्यासाचं सगळं विस्कटलं. थोड्या मार्कांनी राहिलं. नेटमध्ये वरचे मार्क मिळाले की पीएचडीसाठी मिळणारी जेआरएफची फेलोशिप २०२३ पासून महिना ३१ हजारांची ३७ हजार केली ते चांगलंच झालं, पण ज्यांना ती मिळत नाही त्यांनी सहा-सहा महिन्यांच्या प्रोजेक्टवर किती वर्षं काढायची? फंड संपला की नोकरी संपली. निदान अर्ज आधी मागवा, छाननी करा, पहिली फेरी ऑनलाइन घ्या, कोविडमध्ये घेतच होते की सगळे.

अजून एक, राहवत नाही म्हणून सांगते. तुमच्या नोकरीच्या पुरवणीत बँक, रेल्वे, पोलीस भरती सगळं येतं, पण संशोधन संस्थांच्या जागा मी तिथे एकदाही पाहिल्या नाहीत. आम्हाला त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळतात, तेही मुलाखत दोन दिवसांवर आलेली असताना, मग लातूर-नांदेडच्या मुलींनी रिझर्व्हेशन कधी करायचं आणि घरी कधी विचारायचं? पुढच्या पुरवणीपासून एक छोटी चौकट तरी द्या, तारखेसकट.

आपली,
एक वाचक, लातूर